माझ्या नावावरचं धरणं

हिमायतनगरच्या मोठ्या सडकेवरून आत वळलं की डाव्या हाताला एका दुमजली इमारतीच्या तळाला माझं दुकान होतं. पिवळ्या पाटीवर काळ्या अक्षरांत एसटीडी, आयएसडी, पीसीओ. नव्वदीनंतर गल्लोगल्ली अशा पाट्या लागल्या, त्यातलीच एक. नवऱ्याच्या सरकारी कारखान्यात स्वेच्छानिवृत्तीचं वारं आलं, त्यानं सही केली आणि हातात आलेल्या पैशांतून आम्ही हे दुकान घातलं. पुढे सगळ्यांच्या खिशात मोबाइल आले आणि काचेचं केबिन रिकामं राहू लागलं. तेव्हा मी चार जुने संगणक घेतले आणि पाटीखाली ‘इंटरनेट’ असं रंगवून घेतलं. नवऱ्याला संगणकाचं वावडं. तो सकाळी शटर वर करून द्यायचा, झाडून घ्यायचा आणि घरी जायचा. दुकान मीच बघायचे.

खरं सांगायचं तर ते दुकान इराणी पोरापोरींनी जगवलं. चहाच्या हॉटेलांच्या जुन्या इराण्यांशी यांचा काही संबंध नव्हता. ही शिकायला आलेली मुलं. कोणी फार्मसीला, कोणी कॉम्प्युटरला, कोणी पीएचडीला. नेटवरून घरी फोन स्वस्त पडायचा म्हणून ती माझ्याकडे यायची. इंग्रजीपेक्षा आमची हैदराबादी बोली त्यांच्या तोंडी लवकर बसायची, कारण निम्मे शब्द त्यांच्याच घरचे. मला सगळे ‘खाला’ म्हणायचे. त्यांच्याकडेही मावशीला जवळजवळ तसंच म्हणतात. नांदेडकडच्या बौद्ध घरातली मी, रेल्वेत खलाशी असलेल्या बापाबरोबर लहानपणी हैदराबादला आले आणि चाळिशी ओलांडल्यावर अर्ध्या इराणची खाला झाले.

त्यातली एक मुलगी माझ्या जवळची होती. फार्मसीच्या शेवटच्या आधीच्या वर्षाला होती, नारायणगुड्याला दोन मैत्रिणींबरोबर खोली घेऊन राहायची. उंच, कायम घाईत. घर तेहरानला. वडील नव्हते. आई आणि धाकटा भाऊ, तो तिथंच इंजिनिअरिंगला. आईशी बोलताना तिला हेडफोन नको असायचा, स्पीकरवर बोलायची, त्यामुळे तिच्या आईचा आवाज माझ्याही ओळखीचा झाला होता. एकदा ती बाई ‘गिलास, गिलास’ असं कितीतरी वेळ म्हणत होती. मला वाटलं घरातले पेले फुटले. नंतर पोरीनं हसत सांगितलं की त्यांच्याकडे चेरीच्या फळाला गिलास म्हणतात, आणि अंगणातलं झाड यंदा लगडलंय.

दोन हजार नऊ सालच्या जूनमध्ये त्यांच्याकडे राष्ट्राध्यक्षाची निवडणूक झाली. इथल्या विद्यार्थ्यांनाही मत देता येत होतं. बंजारा हिल्सला त्यांच्या देशाच्या कचेरीत सोय होती. मत देऊन ती थेट दुकानात आली आणि मला बोट दाखवलं. बोटाच्या टोकाला शाई. आमची विधानसभेची निवडणूक एप्रिलमध्येच झालेली, माझ्या नखावरचा डाग वाढत वाढत टोकाला आला होता. आम्ही दोघींनी बोटं शेजारी शेजारी धरली.

“पहिल्यांदाच दिलं, खाला,” ती म्हणाली. “गेल्या वेळी मी चिडून गेलेच नव्हते. म्हटलं, काय उपयोग? या वेळी भावानं ऐकलं नाही. रोज फोन करून डोकं खायचा.”

“मग आता?”

“आता बदलेल.” तिनं हे इतक्या सरळपणे सांगितलं की मला पुढं काही विचारावंसं वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी नवरा शटर वर करत होता तेव्हाच ती पायरीवर बसलेली होती. निकाल लागला होता. जो सत्तेवर होता तोच पुन्हा आला होता, आणि तोही फार मोठ्या फरकानं. ती रडत नव्हती, चिडलेलीही दिसत नव्हती. मोठं गणित चुकलं की मुलं जशी एकेक पायरी परत तपासतात, तशी ती बोलत होती.

“एवढा मोठा देश. कागदाच्या चिठ्ठ्या. हातानं मोजायच्या. आणि एका रात्रीत निकाल? खाला, तुमच्याकडे किती वेळ लागतो?”

आमच्याकडे मशीन आहे, असं मी म्हणाले. पूर्वी कागद होता तेव्हा मोजणी दोन-दोन दिवस चालायची, हेही सांगितलं. ती मान हलवत राहिली.

त्या दिवसापासून माझं दुकान भरून वाहू लागलं. एकेका संगणकापुढे पाच-सहा डोकी. तेहरानच्या रस्त्यांवर माणसांचा पूर लोटलेला दिसायचा, मग चित्र अडकायचं, गोल चक्र फिरत राहायचं. तिकडे मोबाइल बंद पडले, मेसेज जाईनात. घरातला साधा फोन तेवढा कधीमधी लागायचा. मग माझं ते रिकामं पडलेलं काचेचं केबिन पुन्हा कामाला आलं. मी नंबर फिरवत राहायचे, लागला की ज्याचा त्याला हाक मारायचे.

सगळे एका मताचे नव्हते. पीएचडीचा एक विद्यार्थी यायचा, तिशीचा, दाढी नीट कातरलेली, बोलणं अतिशय अदबीचं. त्याचं गाव तेहरानपासून फार लांब, पूर्वेला. दर शुक्रवारी नमाज झाली की तो आईला फोन करायचा. त्या आठवड्यात तो आला तेव्हा दुकानात नुसता गलका चालला होता. कोणीतरी मोठ्यानं म्हणालं की मतं चोरली. हा शांतपणे म्हणाला, “माझ्या गावानं त्यालाच मत दिलं. माझ्या आईनं दिलं. तिचंही चोरलं का?”

एकदम सगळे त्याच्यावर धावले. फारसीत काय काय बोलले ते मला कळलं नाही, पण एका पोरानं त्याची गचांडी धरलेली मला दिसली. एक कीबोर्ड खाली पडला, कळा फरशीवर उधळल्या. मी मधे शिरले. मी अंगानं लहान आहे, पण माझा आवाज रेल्वे क्वार्टर्समध्ये पाण्याच्या नळावर तयार झालेला आहे.

“बास!” मी ओरडले. “इथं जो येईल तो घरी फोन लावेल. कोणी कोणाला मत दिलं ते माझ्या दुकानात नक्को. ज्याला हात उचलायचाय त्यानं सडकेवर जायचं.”

गचांडी सुटली. मी त्या दाढीवाल्याला केबिनमध्ये बसवलं आणि त्याच्या आईचा नंबर लावून दिला. आमची ती पोरगी खाली वाकून कळा गोळा करत होती. तो बाहेर आल्यावर तिनं त्याला विचारलं, अगदी साध्या आवाजात, “तुमच्या आईचं मत धरूनच विचारते. परत मोजायला काय हरकत आहे?”

तो थांबला. “तेहरान म्हणजे इराण नाही,” म्हणाला.

“नाही. म्हणूनच म्हणते, परत मोजा.”

त्यानं फोनचे पैसे काउंटरवर ठेवले. मला सलाम करून निघून गेला.

मग तो फोन आला. म्हणजे आम्हीच लावला होता, दुपारचा. आईचा आवाज नेहमीसारखा मोठा नव्हता. पोरगी दोन-तीनदा काहीतरी विचारत राहिली, आई दर वेळी एकच उत्तर देत होती. मग हवापाणी, झाडाची फळं, शेजारणीचं दुखणं. फोन ठेवल्यावर पोरगी केबिनमध्येच बसून राहिली. मी काच वाजवली.

“काय झालं गं?”

“आई म्हणते, भाऊ मामाकडे गेलाय. थोडे दिवस तिथंच राहील.”

“मग बरंय की. गर्दीपासून लांब.”

“खाला,” ती म्हणाली, “मला मामा नाही.”

मला कळायला एक क्षण लागला. फोन कोणीतरी ऐकत असेल म्हणून आई तसं बोलली होती. भावाला पकडून नेलं होतं. लहानपणी आणीबाणीत माझे वडील घरातल्या घरात बोलतानाही आवाज बारीक करायचे, ते मला एकदम आठवलं. तेव्हा मला त्या गोष्टीचं हसू यायचं.

मी तिला चहा दिला. तिनं तो पूर्ण प्यायला, कप विसळून ठेवला आणि म्हणाली, “इथं बसून मी स्क्रीनकडे बघणार नाही आता. तुमच्या गावात धरणं कसं धरतात?”

धरणं कसं धरतात हे हैदराबादमधल्या माणसाला विचारायला नको. शहरातल्या मोठ्या तलावाच्या खालच्या अंगाला बागेला लागून एक रस्ताच त्यासाठी आहे. रोज कोणी ना कोणी तिथं बसलेलं असतंच. पण परवानगी लागते. मी तिला घेऊन ठाण्यात गेले. इन्स्पेक्टर तरुण होता, आमचं सगळं ऐकून घेतलं.

“परदेशी विद्यार्थी अर्ज देऊ शकत नाहीत,” तो म्हणाला. “यांचा व्हिसा शिकायचा आहे. काही गडबड झाली तर मी कुणाला विचारू?”

“आम्ही गप्प बसणार,” पोरगी म्हणाली. “नुसतं बसणार.”

“तरी. इथला कोणीतरी जबाबदार माणूस पाहिजे. अर्ज त्याच्या नावावर.”

पोरगी माझ्याकडे बघत नव्हती. मुद्दाम. टेबलावरच्या पेपरवेटकडे बघत होती. ती विचारणार नाही हे मला दिसलं, आणि तिनं विचारावं असंही मला वाटलं नाही.

“माझ्या नावावर लिहा,” मी म्हणाले.

“तुम्ही यांच्या कोण?”

“दुकानदार. माझ्याकडे फोन करायला येतात.”

त्यानं अर्जाचा कोरा कागद माझ्याकडे सरकवला. “अम्मा, विचार करून या. उद्या या.”

संध्याकाळी घरी सांगितलं तेव्हा नवरा पेपर वाचत होता. त्यानं पेपर खाली ठेवला.

“अगं, आपला काय संबंध? ना आपला देश, ना आपली भाषा. उद्या पोलिस दारात आले तर?”

“अहो, येऊ द्या. मी काय चोरी केलीय?”

“तू नाही केलीस. पण तू कशाला मधे पडतेस?”

त्याचं चूक नव्हतं. स्वेच्छानिवृत्तीची सही करण्याआधी तोही कारखान्याच्या गेटवर धरण्याला बसला होता आणि त्यातून काही निघालं नव्हतं. मी त्याला माझ्या वडिलांची गोष्ट सांगितली. लग्नाला वीस-पंचवीस वर्षं होऊन गेली तरी ती त्याला मी कधी सांगितली नव्हती. सांगायचं कारणच पडलं नव्हतं.

आम्ही गाव सोडायच्या आधीची गोष्ट. वडील तरुण होते. निवडणुकीच्या दिवशी धुतलेला सदरा घालून शाळेवर मत द्यायला गेले. दारात गावच्या मोठ्या घरातला माणूस उभा. म्हणाला, तुझं मत पडलं, जा घरी. वडील म्हणाले, मी तर आत्ता येतोय. तो म्हणाला, सांगितलं ना, पडलं. बरोबर आलेले वस्तीतले सगळे मागं वळले. वडील वळले नाहीत. दारासमोरच्या लिंबाखाली उभे राहिले. कोणी त्यांना हाकललं, कोणी हसलं, कोणी दगडही मारला. पेट्या बैलगाडीत चढेपर्यंत ते तिथंच उभे होते. मत काही देता आलं नाही. मी एकदा विचारलं होतं, मग बाबा, उभं राहून काय मिळालं? ते म्हणाले, “मत पडलं नाही हे गावानं बघितलं. ते त्यांना बघायलाच लागलं.” पुढच्या निवडणुकीला ते उजाडायच्या आत जाऊन रांगेत पहिले उभे राहिले, आणि त्यांच्यामागं अख्खी वस्ती.

 सकाळी मी निघाले तेव्हा चपला घालून तोही बरोबर आला. ठाण्यात त्यानं अर्जावर साक्षीदार म्हणून सही केली.

परवानगी मिळाली, अटींसह. लाउडस्पीकर नाही, पुतळा नाही, कोणत्याही देशाच्या झेंड्याला हात लावायचा नाही, दुपारी बसायचं आणि चारच्या आत उठायचं. आम्ही मनगटाला हिरव्या फिती बांधणार असं अर्जात लिहिलं होतं, तेवढीच इन्स्पेक्टरला शंका होती. “हिरव्या फिती कशाला? पार्टी कोणती?” आमच्या शहरात हिरवा रंग म्हटला की लोकांच्या मनात जे येतं तेच त्याच्याही आलं. पोरीनं समजावलं की तो तिकडच्या उमेदवाराच्या प्रचाराचा रंग होता, आता ज्यांना मोजणी परत हवी आहे त्यांचा झालाय. त्यानं मान डोलावली. पटलं की नाही देव जाणे.

फिती आणायला आम्ही बेगम बाजारला गेलो. फितीच्या ठोक दुकानातल्या शेटनं हिरव्या रंगाच्या दहा छटा काढून पसरल्या.

“शादी है क्या, बहनजी?” त्यानं विचारलं.

“चुनाव,” पोरगी म्हणाली.

“चुनाव तो हो गए!”

“हौ,” ती म्हणाली, “उसी का है.” आणि मधली छटा उचलली.

दुकानाचे मालक इमारतीच्या वरच्या मजल्यावर राहायचे. निवृत्त ठेकेदार, तेलुगू गृहस्थ, माणूस वाईट नाही. त्या दिवशी खाली आले, स्टूल ओढून बसले. पोलिसांनी त्यांच्याकडेही चौकशी केली होती. “मनकेंदुकु अम्मा?” ते म्हणाले. म्हणजे आपल्याला कशाला हे? “ही मुलं परवा जातील आपल्या देशात. तुम्हाला मला इथंच राहायचंय. त्यांना सांगा, दुसरीकडे जमा. नाहीतर करार संपला की मला विचार करावा लागेल.”

“करार संपायला वेळ आहे,” मी म्हणाले. “तोपर्यंत इथंच जमतील.”

ते उठून गेले. मी स्टूल परत जागेवर सरकवलं.

शंभर तरी येतील असं पोरगी आणि तिच्या मैत्रिणी म्हणत होत्या. आले तीसेक. काहींना कॉलेजनं तंबी दिली होती, काही घाबरले होते. आलेल्यांतल्या बहुतेकांनी तोंडाला रुमाल बांधलेले, डोळ्यांवर काळे चष्मे. इथं कोणी फोटो काढला आणि तो तिकडे पोचला तर घरच्यांना त्रास होईल, ही भीती. ती खोटी होती असं मी म्हणणार नाही. आमच्या पोरीनं सुरुवातीला रुमाल बांधला होता. मनगटावर फीत, हातात पुठ्ठा, त्यावर इंग्रजीत आणि तेलुगूत लिहिलेलं: मतं परत मोजा. तेलुगू अक्षरं मालकांच्याच नातीनं काढून दिली होती, आजोबांना न सांगता.

जूनचं ऊन. पावसाचा पत्ता नव्हता. डांबर चपलेला चिकटत होतं. आम्हाला मिळालेल्या जागेवर सावलीचा तुकडाही नाही. आमच्या शेजारी अंगणवाडीच्या बाया बसल्या होत्या, पगारवाढीसाठी, त्यांच्या डोक्यावर चांगला शामियाना. थोड्या वेळानं त्यांच्यातली एक जाडसर, कपाळावर मोठं कुंकू लावलेली बाई माझ्याकडे आली. या कोण पोरी, गोऱ्या गोऱ्या, कशासाठी बसल्यात, असं तेलुगूत विचारलं. मी माझ्या मोडक्या तेलुगूत सांगितलं, यांच्या देशात निवडणूक झाली, यांनी मतं दिली...

“ओट्लु एत्तुकुपोयारा?” तिनं मला वाक्य पुरं करूच दिलं नाही. मतं पळवली का?

“हौ,” मी म्हणाले.

ती मागं वळली आणि आपल्या बायांना सरकायला सांगितलं. शामियान्याची अर्धी सावली आम्हाला मिळाली. पाण्याच्या पिशव्या आल्या. एका म्हातारीनं आमच्या पोरीच्या मनगटावरची फीत बोटानं चाचपून बघितली आणि आपल्यालाही बांधायला सांगितली. मग तिच्या शेजारणीनं मागितली. थोड्या वेळात शामियान्यातल्या निम्म्या बायांच्या हाताला हिरवी फीत होती.

तेवढ्यात समोरच्या फुटपाथवर एक माणूस मोठा कॅमेरा घेऊन आला. एकेका चेहऱ्यावर रोखून फोटो काढायला लागला. पेपरवाला असेल म्हणून मी उठून विचारायला गेले. “कौनसे पेपर के?” त्यानं कॅमेऱ्यावरचा डोळा काढला नाही. मी पुन्हा विचारलं तर दुसरीकडे तोंड करून फोटो काढत राहिला. तो कुणाचा होता ते मला आजपर्यंत कळलेलं नाही. माझ्याबरोबर आलेला नवरा शांतपणे छत्री उघडून त्याच्या कॅमेऱ्यासमोर उभा राहिला. तो माणूस डावीकडे सरकला की नवरा डावीकडे. उजवीकडे सरकला की उजवीकडे. कारखान्याच्या गेटवर माझा नवरा असाच बसला असणार, असं मला तेव्हा वाटलं.

मागं वळून बघते तर आमची पोरगी रुमाल सोडत होती. शेजारची मैत्रीण तिचा हात धरून काहीतरी विनवत होती. पलीकडच्या झाडाखाली तो पीएचडीचा विद्यार्थी उभा होता. तो केव्हा आला ते मला दिसलं नव्हतं. तो चार पावलं पुढं आला आणि तिला फारसीत काही म्हणाला. नंतर तिनं मला सांगितलं, तो म्हणाला होता, “बहीण, चेहरा झाक. मी तुझ्या बाजूचा नाही, तरी सांगतो.”

तिनं चेहरा झाकला नाही. रुमालाची घडी घातली, मांडीवर ठेवली, पुठ्ठा छातीशी धरला आणि सरळ समोर बघत बसली. मी तिच्याजवळ बसले.

“भावाचा विचार कर,” मी कानात म्हणाले.

“त्याचाच करते, खाला. तो तोंड बांधून गेला नव्हता.”

चार वाजत आले तशी आम्ही उठलो. घोषणा नाही, भाषण नाही. हवालदारानं जागा रिकामी झाल्याचं बघितलं आणि माझ्या नावापुढे खूण केली.

निकाल काही बदलला नाही. सगळ्या जगाला माहीत आहे, बदलला नाही. धरण्याची बातमी एका तेलुगू पेपरात आतल्या पानावर चार ओळींत आली, त्यातही देशाचं नाव इराक छापलं होतं. दुकानात हळूहळू गर्दी ओसरली. पण पोरगी रोज यायची आणि मी रोज नंबर फिरवायचे. मामाकडे गेलेला भाऊ काही येत नव्हता. ऑगस्ट उलटत आला तेव्हा एका सकाळी फोन लागला आणि पलीकडून आईच्या ऐवजी एका मुलाचा आवाज आला. पोरगी उभीच्या उभी राहिली. तिनं मला खुणेनं आत बोलावलं आणि रिसीव्हर माझ्या कानाला लावला. त्यानं पलीकडून “सलाम, खाला” म्हटलं. मी रिसीव्हर पोरीच्या हातात परत दिला. नंतर कळलं की त्याच्या एका कानाला कमी ऐकू येत होतं आणि कॉलेजनं त्याला परत घेतलं नव्हतं. तो एका नातेवाइकाच्या दुकानात बिलं करायला जाऊ लागला.

पुढच्या उन्हाळ्यात तिचं शिक्षण संपलं. सगळ्यांनी तिला सांगितलं, परत जाऊ नकोस. मैत्रिणी दुसऱ्या देशांत अर्ज करत होत्या. तिचा फोटो त्या माणसाच्या कॅमेऱ्यात गेला होता हे सगळ्यांना माहीत होतं. मीही सांगितलं. माझ्या घरी राहा म्हटलं, इथं नोकरी बघू म्हटलं. कोठीला औषधांची इतकी दुकानं आहेत.

“आईनं आधी त्याची वाट बघितली, आता माझीही बघत बसायचं का?” ती म्हणाली. “आणि खाला, सगळेच बाहेर गेले तर पुढच्या वेळी मत द्यायला कोण राहील? ज्यांना निकाल पटलाय तेवढेच?”

शमशाबादच्या नव्या विमानतळावर आम्ही दोघं तिला सोडायला गेलो. तिच्या बॅगेत मी शेंगदाण्याची चटणी घातली होती, तिला आवडायची म्हणून. आत जाताना तिनं नवऱ्याशी हात मिळवला, मला मिठी मारली आणि मागं न बघता गेली. तिकडे उतरल्यावर तिला एका खोलीत बसवून बराच वेळ प्रश्न विचारले, पासपोर्ट ठेवून घेतला, मग सोडलं. हे तिनंच फोनवर सांगितलं, आडवळण न घेता, फोन कोणी ऐकत असेल तर ऐकू दे अशा आवाजात. मीच घाबरून तिला चेरीबद्दल विचारलं.

करार संपला आणि मालकांनी तो वाढवला नाही. मीही मिन्नतवारी केली नाही. कोठीला पुस्तकांच्या दुकानांच्या ओळीत एक अरुंद जागा मिळाली, तिथं झेरॉक्सचं मशीन टाकलं. फोनचं केबिन भंगारात दिलं.

त्याच हिवाळ्यात अंगणवाडीच्या बाया पुन्हा धरण्याला बसल्याचं पेपरात वाचलं. मी दुकान नवऱ्यावर सोपवलं आणि गेले. ती मोठ्या कुंकवाची बाई पुढच्याच रांगेत होती. तिनं मला लगेच ओळखलं.

“तुमची ती पोरगी कुठंय?” तिनं विचारलं.

“घरी गेली. तिच्या देशात.”

“गेली?” तिनं भुवया उंचावल्या. “भीती नाही वाटली?”

“वाटली असणार,” मी म्हणाले.

तिनं सतरंजीवर जागा करून दिली. घोषणा तेलुगूत होत्या, अर्ध्या मला कळत नव्हत्या. शेजारणीनं एकेक शब्द हळूहळू सांगितला, आणि दुसऱ्या फेरीपासून मी त्यांच्याबरोबर ओरडायला लागले.